वर्षभर पहिला, की शेवटच्या दिवशी पहिला?

मुलांनो,

आज मधल्या सुट्टीत तुमच्यासमोर एक भांडण ठेवते. भांडण आमच्या शाळेतलं आहे, पण त्याचं मूळ गेलंय थेट कोलकात्याच्या मैदानापर्यंत. तुम्ही पंच व्हायचं आणि निकाल मला कळवायचा. पालकांनीही वाचायला हरकत नाही. खरं तर त्यांनी वाचावंच.

आमचं गाव ब्राह्मणपुरी. नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यात. आजूबाजूला केळी, पपई, ऊस आणि कापूस, आणि उत्तरेला सातपुडा. गेल्या हिवाळ्यात आम्ही शाळेत शनिवारी फुटबॉलचे सामने घ्यायचं ठरवलं. पाचवी ते सातवीच्या मुलामुलींचे चार संघ पाडले. नावं मुलांनीच ठेवली : सातपुडा, तापी, गोमाई आणि तोरणमाळ. गोलचे खांब म्हणजे दोन-दोन बांबू. कप म्हणजे स्टीलचा एक तांब्या, त्याला लाल रिबीन बांधलेली. हसू नका! त्या तांब्यासाठी मुलं शनिवारी सकाळी सातच्या आत मैदानावर हजर असायची.

प्रत्येक संघाने दुसऱ्या प्रत्येक संघाशी दोनदा खेळायचं, असा नियम केला. म्हणजे प्रत्येकाचे सहा सामने, एकूण बारा. जिंकलं तर तीन गुण, बरोबरी झाली तर एक, हरलं तर भोपळा. सहा शनिवारी सगळे सामने झाले आणि फळ्यावर तक्ता लागला. सातपुडा 13 गुण, तापी 10, गोमाई 7, तोरणमाळ 4.

सातपुडाची मुलं नाचायला लागली. तेव्हा मी म्हटलं, "थांबा, थांबा. अजून अंतिम सामना बाकी आहे. पहिल्या दोघांत लढत. जो जिंकेल त्याचा तांब्या."

अंतिम सामना सातव्या शनिवारी झाला. सातपुडाने सगळा वेळ चेंडू तापीच्या अर्ध्यात ठेवला, पण गोल काही होईना. आणि शेवटच्या मिनिटाला तापीच्या एका मुलीने लांबून साधासा फटका मारला. चेंडू घरंगळत सातपुडाच्या गोलकीपरकडे आला, त्याच्या हाताजवळून गेला आणि दोन बांबूंच्या मधून पार! तापी 1, सातपुडा 0. शिट्टी वाजली, तांब्या तापीकडे गेला.

सातपुडाची कप्तान सातवीतली मुलगी. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. डोळ्यांत पाणी, पण आवाज खणखणीत.

"मॅडम, दीड महिना आम्ही पहिले. आज वीस मिनिटांत दुसरे. हे कसं काय?"

मुलांनो, खरं सांगू? मला उत्तर देता आलं नाही. "खेळात असंच असतं गं," असं काहीतरी पुटपुटले आणि चटया गोळा करायला लागले. मोठी माणसं उत्तर नसलं की असंच काहीतरी काम काढतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

पण हाच प्रश्न एकदा अख्ख्या देशापुढे पडला होता. ती गोष्ट ऐका.

इंडियन सुपर लीग ही आपल्या देशातली व्यावसायिक फुटबॉलची मोठी स्पर्धा. 2023-24 च्या हंगामात तिच्यात 12 संघ होते. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, एकदा आपल्या गावी आणि एकदा त्यांच्या गावी. म्हणजे प्रत्येकाचे 22 सामने, आणि सगळे मिळून 132. (पडताळून पाहा : 12 गुणिले 11.) यात जो पहिला येईल त्याला मिळणार होती 'शिल्ड', म्हणजे ढाल. पण तिथेच संपत नव्हतं. पहिले सहा संघ पुढे जायचे आणि त्यांच्यात बाद फेरी रंगायची. तिलाच 'प्लेऑफ' म्हणतात. जो हरेल तो घरी जाईल. शेवटी जो उरेल त्याला 'कप'.

त्या वर्षी साखळीचा अगदी शेवटचा सामना झाला 15 एप्रिल 2024 ला, कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर. एका बाजूला मोहन बागान, दुसऱ्या बाजूला आपली मुंबई सिटी. मोहन बागान हा फार जुना क्लब, 1889 साली स्थापन झालेला. 1911 साली याच क्लबच्या खेळाडूंनी गोऱ्या पलटणीच्या संघाला हरवून आयएफए शिल्ड जिंकली होती. त्यांतले बहुतेक जण अनवाणी खेळले होते! तर 2024 च्या त्या सामन्याआधी मुंबईचे गुण होते 47 आणि मोहन बागानचे 45. मुंबईला नुसती बरोबरी पुरली असती. पण मोहन बागानने सामना 2-1 असा जिंकला. गुण झाले 48 विरुद्ध 47. बावीस सामने खेळून फक्त एका गुणाने ढाल हुकली.

मुंबईच्या खेळाडूंना किती वाईट वाटलं असेल! पण रडायला वेळच नव्हता. प्लेऑफ दाराशी उभी होती.

19 आणि 20 एप्रिलला, शुक्रवारी-शनिवारी, बाद फेरीचे पहिले दोन सामने झाले. पहिल्या दिवशी केरळ ब्लास्टर्स ओडिशाविरुद्ध शेवटच्या काही मिनिटांपर्यंत एका गोलने पुढे होता. ओडिशाने बरोबरी साधली आणि जादा वेळेत 2-1 असा सामना काढला. दुसऱ्या दिवशी गोव्याने चेन्नईयिनला 2-1 हरवलं. साखळीत पहिले दोन आलेले मोहन बागान आणि मुंबई मात्र थेट उपांत्य फेरीत. वर्षभर कष्ट केल्याचं एवढं तरी फळ त्यांना मिळालंच. हे ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

उपांत्य फेरीत मुंबईची गाठ गोव्याशी पडली. पहिला सामना 24 एप्रिलला, मडगावच्या फातोर्डा मैदानावर. त्या संध्याकाळी मी मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवून भाकरी थापत होते. गोव्याने पहिला गोल केला, मग दुसरा. घड्याळात 89 मिनिटं झाली, गोवा 2, मुंबई 0. मी म्हटलं, "संपलं!" आणि मोबाईल बंद करून जेवायला बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळची शाळा. वर्गात पाय टाकते न टाकते तोच मागच्या बाकावरून एकजण ओरडला, "मॅडम, मुंबईने मारलं!" मी म्हटलं, "काहीतरीच काय बोलतोस!" पण तो खरं बोलत होता. नव्वदाव्या मिनिटाला छांगटेने एक गोल केला. पुढच्याच मिनिटाला विक्रम प्रताप सिंगने दुसरा. आणि जादा मिळालेल्या वेळेच्या सहाव्या मिनिटाला पुन्हा छांगटेने तिसरा! सहा-सात मिनिटांत 0-2 चं 3-2 झालं. लालियानझुआला छांगटे हा मिझोरामचा खेळाडू. मी ज्या वेळेला "संपलं" म्हणून पाट मांडला, त्या वेळेला त्याचा खेळ सुरू झाला होता.

29 एप्रिलला मुंबईत दुसरा सामना झाला. मुंबईने तो 2-0 जिंकला. दोन्ही सामन्यांची बेरीज 5-2. त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, मोहन बागानने ओडिशाला बेरजेत 3-2 असं मागे टाकलं होतं.

आणि मग 4 मे 2024, शनिवार. तेच सॉल्ट लेक, तेच दोन संघ. ढाल हुकून जेमतेम एकोणीस दिवस झालेले. मैदानात हजारो प्रेक्षक, आणि त्यांतले बहुतेक मोहन बागानचे. पहिला गोलही मोहन बागाननेच केला. पण मुंबई डगमगली नाही. दुसऱ्या अर्ध्यात परेरा डियाझ, मग मणिपूरचा बिपीन सिंग, आणि अगदी शेवटी याकुब वोयतुस. मुंबई 3, मोहन बागान 1. कप उचलला तो कप्तान राहुल भेके याने, आपल्या मुंबईच्याच मुलाने. याच भेकेने 2019 च्या अंतिम सामन्यात बंगळुरूकडून खेळताना 117 व्या मिनिटाला, जादा वेळेत, डोक्याने गोल मारून कप जिंकून दिला होता. तेव्हाही समोर गोवाच होता. बिचारा गोवा!

आता आली आमच्या कप्तानाच्या प्रश्नाची वेळ. त्या वर्षी खरा विजेता कोण? 22 सामन्यांत सर्वांत जास्त गुण मिळवणारा मोहन बागान, की शेवटच्या दिवशी त्यालाच हरवणारी मुंबई?

जगात याची दोन उत्तरं आहेत. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये प्लेऑफ नाहीच. वर्षभराचे गुण मोजायचे, पहिला तो विजेता, विषय संपला. बाद पद्धतीचा एफए कप तिथे वेगळा खेळतात, तोही 1871 पासून. उलट अमेरिकेत त्यांचा जो वेगळाच फुटबॉल आहे, लांबट चेंडूचा, त्यात वर्षभर कितीही जिंका, शेवटच्या बाद फेरीत हरलात की विजेतेपद गेलं. आपल्याकडे 2023-24 च्या हंगामात दोन्ही ठेवलं होतं, ढाल पण आणि कप पण. आशियातल्या मोठ्या स्पर्धेत खेळायचा मान 2024 साली ढालवाल्या मोहन बागानला मिळाला. पण फटाके आणि मोठे फोटो कोणाचे? कपवाल्यांचे!

माझं मत विचाराल तर मी ढालीच्या बाजूची आहे. कप म्हणजे वार्षिक परीक्षेच्या एका दिवसाचा पेपर. त्या दिवशी ताप आला, पेन अडलं, की गेलं. ढाल म्हणजे रोजचा गृहपाठ. पाऊस असो, ऊन असो, बावीस वेळा नीट करावा लागतो. मोहन बागानने तो एका गुणाने का होईना, जास्त नीट केला होता.

पण थांबा. कपाच्या बाजूनेही बोलायला हवं, नाहीतर पंच कसले? प्लेऑफ नसती तर 15 एप्रिलला मुंबईची गोष्ट रडून संपली असती. प्लेऑफ पाचव्या-सहाव्या नंबरलाही सांगते, "ये, अजून एक संधी घे." आणि दडपणाखाली, हजारो लोक विरुद्ध ओरडत असताना पाय स्थिर ठेवणं, हीसुद्धा एक विद्याच आहे. म्हणून दोन्ही बक्षिसं हवीत. आणि दोन्ही सारख्याच मानाची हवीत. 2020-21 मध्ये मुंबईने आणि 2024-25 मध्ये मोहन बागानने ढाल आणि कप दोन्ही एकाच हंगामात जिंकले. त्यांना तर दोन्ही हातांनी सलाम!

एवढं सगळं मी आमच्या कप्तानाला सोमवारी सांगणार होते. रविवारी तयारीसुद्धा केली. पण सोमवारी वेगळंच घडलं.

सातपुडाचा गोलकीपर शाळेत आला नाही. मंगळवारीही नाही. त्याचं नाव मी सांगत नाही. त्याचं नाव या गोष्टीत पुष्कळ वेळा घेऊन झालंय, आणि तेही वाईट तऱ्हेने. मुलांनी त्याला "गळकी बादली" म्हणायला सुरुवात केली होती. वाटेत, नळावर, दुकानापाशी, सगळीकडे. आणि सुरुवात कोणी केली होती, माहीत आहे? मी. तो गोल झाला तेव्हा रेषेबाहेरून मीच मोठ्याने ओरडले होते, "अरे, एवढा सोपा बॉल होता!" मुलांनी फक्त माझ्या वाक्याला नाव दिलं.

मंगळवारी शाळा सुटल्यावर त्याच्या घरी गेले. आई-वडील पपईच्या तोडणीवर गेलेले. आजी ओट्यावर बसलेली. म्हणाली, "दोन दिवस झाले मॅडम, नीट जेवत नाही पोरगं." तो दाराआड उभा होता. मी हाक मारली. बऱ्याच वेळाने आतूनच बोलला.

"मॅडम, मी बॉल सोडला नाही. तो उसळला. तिथं दगड व्हता."

मी म्हटलं, "चल, दाखव."

आम्ही दोघं मैदानावर गेलो. आणि खरंच, बांबूच्या समोर तीन पावलांवर एक दगड होता. वर जेमतेम लिंबाएवढा दिसत होता. पहार आणून उकरायला लागलो तर निघता निघेना. शेवटी निघाला तेव्हा नारळाएवढा होता! वरचं लिंबू चेंडूला पुरेसं होतं. दोन महिने मी त्या मैदानावर शिट्टी वाजवत फिरले, पण मला तो दिसला नव्हता. त्याला दिसला होता, कारण तिथे उभा तो राहायचा.

बुधवारी वर्गात मी आधी माझी चूक सांगितली. "शनिवारी मी जे ओरडले ते चूक होतं," असं सगळ्यांसमोर म्हटलं. जरा जड गेलं. मग दगड टेबलावर ठेवला आणि एक गोष्ट सांगितली.

1994 सालचा जागतिक करंडक. अंतिम सामना ब्राझील आणि इटली यांच्यात, अमेरिकेतल्या पॅसाडेना गावी. एकही गोल झाला नाही, म्हणून निकाल पेनल्टीवर आला. इटलीच्या रॉबर्टो बॅजोने शेवटची पेनल्टी मारली आणि चेंडू गोलच्या वरून गेला. ब्राझील जिंकलं. मान खाली घालून उभा असलेला बॅजो साऱ्या जगाने पाहिला, आणि लोक आजही म्हणतात, "बॅजोमुळे इटली हरली." पण हिशेब नीट मांडा. त्याच्याआधी इटलीच्या आणखी दोघांच्या पेनल्ट्या वाया गेल्या होत्या, बारेसीची आणि मासारोची. आणि मुळात इटली त्या सामन्यापर्यंत पोचली कशी? त्या स्पर्धेत बॅजोने पाच गोल केले होते. उपांत्य सामन्यातले इटलीचे दोन्ही गोल त्याचेच होते. ज्याने दारापर्यंत आणलं, त्यालाच दाराशी ठेच लागली म्हणून शिव्या!

गोष्ट संपली तेव्हा आमची कप्तान उठली. तिने आपल्या वहीत सगळ्या सामन्यांची नोंद ठेवली होती. म्हणाली, "मॅडम, साखळीत आमच्यावर सहा सामन्यांत फक्त तीन गोल झाले. सगळ्यांत कमी." मग संघाकडे वळली. "आणि फायनलमध्ये आपण किती गोल केले? शून्य. मग तो एकटा कसा हरला?"

वर्ग गप्प झाला.

आता तुम्हाला वाटेल, झालं, सगळं गोड झालं. तसं नाही मुलांनो. तो गुरुवारपासून शाळेत यायला लागला, पण ते नाव आणखी काही दिवस कोपऱ्याकोपऱ्यातून ऐकू येत होतं. वाईट नाव चिकटायला एक मिनिट लागतं, निघायला आठवडे लागतात. आणि तो आता गोलमध्ये उभा राहत नाही. उजवीकडून पळतो. मी एकदा विचारलं, "पुन्हा उभा राहशील का रे?" त्याने मान हलवली. मी आग्रह केला नाही. तो दगड माझ्याकडे आहे. टेबलावर हजेरीपटाशेजारी असतो. कोणावर ओरडायची वेळ आली की आधी त्याच्याकडे बघते.

येत्या हिवाळ्यात आमच्याकडे दोन बक्षिसं असतील. अंतिम सामना जिंकणाऱ्याला तांब्या. आणि साखळीत पहिला येणाऱ्याला ढाल. एक जुनी पाटी आम्ही निळ्या रंगाने रंगवली आहे. तिच्यावर पहिलं नाव मुलांनी मागच्या वर्षीचंच लिहिलंय, सातपुडा. उशिरा का होईना, कप्तानाचा हिशेब चुकता झाला.

पालकांनो, तुमच्यासाठी दोनच ओळी. मूल हरून घरी आलं की "कोणी घालवलं?" असं विचारू नका. "कसे खेळलात?" असं विचारा. निकालाच्या दिवशी एक पेपर हातात धरून रागावण्याआधी त्याच्या वर्षभराच्या वह्या एकदा चाळा. आणि एखादा सोपा बॉल सुटलाच, तर खाली दगड होता का, हे आधी बघा. बऱ्याचदा तो फक्त मुलालाच दिसलेला असतो.

आता डोकं चालवा : आमच्याकडे यंदा पाचवा संघ निघणार आहे. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, तर साखळीत एकूण सामने किती होतील? आणि रोज शनिवारी दोनच सामने घेतले, तर किती शनिवार लागतील? उत्तर पुढच्या अंकात.

आणि हो, पंचांचा निकाल राहिलाच! ढाल मोठी की कप मोठा? पोस्टकार्डावर चार ओळी लिहून पाठवा. नुसतं मत नको, कारणही हवं. कारण नसलेलं मत म्हणजे हवा नसलेला फुटबॉल. लाथ मारली तर पायच दुखतो.

घंटा झाली. पळा वर्गात!

तुमच्या,
मधल्या सुट्टीतल्या बाई